त्रिकोणाच्या गुणधर्मांच्या सदिश सिद्धता

बिंदूंची स्थाने सदिशांनी दर्शवून आणि सदिशांच्या क्रियांचे नियम वापरून भौमितिक विधान सिद्ध करण्याच्या पद्धतीला सदिश पद्धत असे म्हणतात. त्रिकोणाच्या मध्यगा, शिरोलंब, कोनदुभाजक आणि बाजूंचे लंबदुभाजक एकसंपाती असतात, दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर व तिच्या निम्म्या लांबीचा असतो, परिकेंद्र, मध्यगासंपात व शिरोलंबसंपात एका रेषेवर असतात, ही प्रमेये या पद्धतीने मोजक्या ओळींत सिद्ध होतात. युक्लिडीय सिद्धतेत बहुधा एखादी साहाय्यक रेषा किंवा समरूप त्रिकोणांची जोडी शोधावी लागते. सदिश पद्धतीत त्या शोधाची जागा मुख्यतः आरंभबिंदूच्या निवडीने भरून निघते. आरंभबिंदू कोठे घेतला यावर आकडेमोड किती होईल हे अवलंबून असते, विधानाचा खरेपणा मात्र त्यावर अवलंबून नसतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सदिशांनी सिद्ध होणारी अनेक प्रमेये सदिशांहून फार जुनी आहेत. युक्लिडच्या 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्रिकोणाचे अंतर्वर्तुळ व परिवर्तुळ काढण्याच्या रचना दिल्या आहेत. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य मध्यगांच्या छेदनबिंदूवर असतो हे आर्किमिडीजने प्रतलांच्या समतोलावरील आपल्या ग्रंथात दाखवले. परिकेंद्र, मध्यगासंपात आणि शिरोलंबसंपात यांच्या एकरेषीयतेचा शोध १८व्या शतकात लेओनार्ड ऑयलर याने लावला.

बिंदूंवरच बीजगणितीय क्रिया करण्याची कल्पना १९व्या शतकात आकाराला आली. ऑगस्ट मोबिउस याने १८२७ मध्ये बिंदूंना वजने देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत मांडली. विल्यम रोवन हॅमिल्टन याने १८४३ मध्ये डब्लिन येथे क्वाटर्निअन या नव्या संख्या शोधल्या. हेर्मान ग्रासमान याचा विस्तारशास्त्रावरील ग्रंथ १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत जोसाया विलर्ड गिब्ज आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी हॅमिल्टनच्या गुणाकाराचे अदिश आणि सदिश असे दोन भाग स्वतंत्र केले. आज शिकवले जाणारे सदिशांचे बीजगणित मुख्यतः या दोघांच्या मांडणीवर आधारलेले आहे. गिब्जच्या व्याख्यानांवरून एडविन विल्सन याने लिहिलेले पाठ्यपुस्तक १९०१ मध्ये निघाले.

संकेत आणि मूलभूत नियम

या लेखात त्रिकोणाचे शिरोबिंदू अ, ब, क आहेत. आरंभबिंदू एकदा निश्चित केला की प्रत्येक बिंदूला एक स्थान सदिश मिळतो. बिंदू आणि त्याचा स्थान सदिश येथे एकाच अक्षराने दर्शवले आहेत. त्यामुळे ब पासून क पर्यंतचा सदिश क − ब असा लिहिला जातो. अब, बक, कअ या बाजूंच्या लांबी आहेत. |अ| हे अ या सदिशाचे परिमाण, म्हणजे आरंभबिंदूपासून अ चे अंतर आहे. ट हा अदिश असेल तर ट(अ) म्हणजे अ या सदिशाची ट पट.

सिद्धतांसाठी पुढील नियम पुरेसे आहेत.

१. समांतरता: दोन शून्येतर सदिशांपैकी एक दुसऱ्याची अदिश पट असेल, तर आणि तरच ते समांतर असतात.

२. विभाजन सूत्र: रेषाखंड बक ला ट : ठ या गुणोत्तरात आतून विभागणारा बिंदू [ठ(ब) + ट(क)]/(ट + ठ) हा असतो. मध्यबिंदूसाठी हे सूत्र (ब + क)/२ असे होते.

३. अदिश गुणाकार: अ·ब म्हणजे |अ|, |ब| आणि त्यांमधील कोनाचे कोसाइन यांचा गुणाकार. तो क्रमनिरपेक्ष असून बेरजेवर वितरित होतो. अ·अ = |अ|². दोन शून्येतर सदिशांचा अदिश गुणाकार शून्य असेल, तर आणि तरच ते परस्परांना लंब असतात.

४. सदिश गुणाकार: अ×ब चे परिमाण अ आणि ब यांनी होणाऱ्या समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाएवढे असते. अ×अ = ०, आणि क्रम बदलल्यास चिन्ह बदलते.

पहिले दोन नियम केवळ बेरीज आणि अदिश पट यांवर उभे आहेत. त्यांत लांबी किंवा कोन मोजण्याची गरज पडत नाही. ज्या प्रमेयांत समांतरता, एकरेषीयता किंवा एकाच रेषेवरील गुणोत्तर एवढेच येते त्यांना हे दोन नियम पुरतात. लंबता, लांबी किंवा कोन आला की अदिश गुणाकार लागतो. एखादे उदाहरण कोठून सुरू करावे हे ठरवताना हा फरक उपयोगी पडतो.

मध्यबिंदूंचे प्रमेय

बक, कअ, अब या बाजूंचे मध्यबिंदू अनुक्रमे द, ई, फ मानू. तेव्हा

ई − फ = (क + अ)/२ − (अ + ब)/२ = (क − ब)/२.

म्हणून फई हा रेषाखंड बक ला समांतर आणि तिच्या निम्म्या लांबीचा आहे. प्रमेयातील दोन्ही निष्कर्ष एकाच समीकरणातून मिळतात, कारण सदिशांची समानता दिशा व लांबी या दोहोंची समानता असते. अ हा आरंभबिंदूवरून येणारा भाग वजाबाकीत नाहीसा होतो. तिसऱ्या शिरोबिंदूच्या स्थानावर निष्कर्ष का अवलंबून नाही, हेही त्यावरून स्पष्ट होते.

मध्यगांची एकसंपातिता

मध्यगा अद वर शिरोबिंदूकडून २ : १ या गुणोत्तरात विभागणारा बिंदू घेतला, तर विभाजन सूत्रानुसार तो

(अ + २द)/३ = (अ + ब + क)/३

असा येतो. या राशीत अ, ब, क यांची अदलाबदल केली तरी ती बदलत नाही. म्हणून बई आणि कफ या मध्यगांवरील तसेच बिंदूही हेच असणार. तिन्ही मध्यगा त्यामुळे ग = (अ + ब + क)/३ या बिंदूतून जातात आणि तेथे प्रत्येक मध्यगा २ : १ या गुणोत्तरात विभागली जाते. ग ला मध्यगासंपात म्हणतात.

दोन मध्यगांचा छेदनबिंदू काढून तो तिसरीवर आहे हे पडताळण्याची येथे गरज पडत नाही. राशीची सममिती तेच काम करते. तसेच

(द − अ) + (ई − ब) + (फ − क) = ०

हे समीकरण लगेच मिळते. तिन्ही मध्यगांच्या सदिशांची बेरीज शून्य असल्याने मध्यगांच्या लांबीएवढ्या बाजू असलेला त्रिकोण नेहमी काढता येतो.

कोनदुभाजक आणि अंतर्केंद्र

बक = ल, कअ = म, अब = न मानू. (ब − अ)/न आणि (क − अ)/म हे अ पासून दोन बाजूंच्या दिशेने जाणारे एकक सदिश आहेत. त्यांची बेरीज म्हणजे समभुज चौकोनाचा कर्ण असतो, आणि समभुज चौकोनाचा कर्ण कोन दुभागतो. म्हणून कोन अ च्या दुभाजकावरील कोणताही बिंदू

अ + ट[(ब − अ)/न + (क − अ)/म]

या रूपात येतो. हा बिंदू बक वर येण्यासाठी त्यातील अ चा सहगुणक शून्य असला पाहिजे. त्यावरून ट = मन/(म + न) मिळते आणि छेदनबिंदू य पुढीलप्रमाणे येतो:

य = [म(ब) + न(क)]/(म + न).

विभाजन सूत्राशी ताडून पाहिल्यास बय : यक = न : म = अब : अक. हेच कोनदुभाजकाचे प्रमेय होय. आता अय ला (म + न) : ल या गुणोत्तरात विभागणारा बिंदू

ज = [ल(अ) + म(ब) + न(क)]/(ल + म + न)

असा येतो. ही राशीही तिन्ही शिरोबिंदूंच्या बाबतीत सममित आहे. म्हणून तिन्ही कोनदुभाजक ज या बिंदूत, म्हणजे अंतर्केंद्रात, मिळतात. मध्यगासंपातात प्रत्येक शिरोबिंदूला सारखे वजन असते. अंतर्केंद्रात ते समोरच्या बाजूच्या लांबीएवढे असते.

शिरोलंबांची एकसंपातिता

कोणत्याही दोन बाजू समांतर नसल्याने अ आणि ब यांमधून जाणारे शिरोलंब एका बिंदूत छेदतात. तो बिंदू ह मानून तोच आरंभबिंदू घेऊ. पहिला शिरोलंब बक ला लंब असल्याने अ·(ब − क) = ०, म्हणजे

अ·ब = अ·क.

दुसरा शिरोलंब कअ ला लंब असल्याने ब·(क − अ) = ०, म्हणजे

ब·क = ब·अ.

दोन्ही समीकरणांत अ·ब समान आहे. म्हणून अ·क = ब·क, म्हणजेच क·(अ − ब) = ०. ह पासून क पर्यंतचा सदिश अब ला लंब आहे, म्हणून क मधून जाणारा शिरोलंबही ह मधूनच जातो. कोन क काटकोन असेल तर ह आणि क एकच असतात आणि शेवटचे समीकरण आपोआप खरे ठरते.

आरंभबिंदू इतरत्र घेतला असता तरी सिद्धता झाली असती, पण प्रत्येक पदात ह चा वेगळा उल्लेख करावा लागला असता.

अर्धवर्तुळातील कोन आणि अपोलोनियसचे प्रमेय

बक चा मध्यबिंदू द हा आरंभबिंदू घेतल्यास क = −ब होते. तेव्हा

(अ − ब)·(अ − क) = (अ − ब)·(अ + ब) = |अ|² − |ब|².

डावी बाजू शून्य असणे म्हणजे कोन अ काटकोन असणे. उजवी बाजू शून्य असणे म्हणजे अद = बद, म्हणजे बक व्यास असलेल्या वर्तुळावर अ असणे. अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो हे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास असे दोन्ही या एका ओळीत येतात.

त्याच आरंभबिंदूवरून

|अ − ब|² + |अ + ब|² = २|अ|² + २|ब|²

म्हणजे अब² + अक² = २अद² + २बद² मिळते. हे अपोलोनियसचे प्रमेय आहे.

लंबदुभाजक आणि ऑयलर रेषा

वरच्या सूत्राप्रमाणेच (अ − ब)·(अ + ब) = |अ|² − |ब|² यावरून कळते की, आरंभबिंदू अब च्या लंबदुभाजकावर असेल तर आणि तरच तो अ व ब पासून समदूर असतो. दोन लंबदुभाजकांचा छेदनबिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून समदूर असल्याने तिसराही त्यातून जातो. हा बिंदू म्हणजे परिकेंद्र प.

आता प हा आरंभबिंदू आणि परिवर्तुळाची त्रिज्या त मानू. तेव्हा |अ| = |ब| = |क| = त. ह = अ + ब + क हा बिंदू घेतल्यास

(ह − अ)·(ब − क) = (ब + क)·(ब − क) = |ब|² − |क|² = ०.

म्हणून ह हा अ मधून जाणाऱ्या शिरोलंबावर आहे. सममितीमुळे तो इतर दोन शिरोलंबांवरही आहे, म्हणजे ह हाच शिरोलंबसंपात आहे. मध्यगासंपात ग = (अ + ब + क)/३ = ह/३. यावरून प, ग, ह एकरेषीय आहेत आणि पग : गह = १ : २ हे एकाच वेळी सिद्ध होते. या रेषेला ऑयलर रेषा म्हणतात. समभुज त्रिकोणात तिन्ही बिंदू एकच असल्याने अशी रेषा ठरत नाही.

याच मांडणीतून एक मोजमापही मिळते. |ह|² चा विस्तार करून २अ·ब = २त² − अब² आणि तशीच इतर दोन समीकरणे वापरल्यास

पह² = ९त² − (ल² + म² + न²).

३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणात त = २.५, म्हणून पह² = ५६.२५ − ५० = ६.२५ आणि पह = २.५ येते. शिरोलंबसंपात काटकोनाच्या शिरोबिंदूवर व परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर असल्याने हे उत्तर अपेक्षितच आहे. पह² ऋण असू शकत नाही, म्हणून कोणत्याही त्रिकोणात ल² + म² + न² ही राशी ९त² पेक्षा मोठी नसते.

नवबिंदू वर्तुळ

आरंभबिंदू प हाच ठेवून पह चा मध्यबिंदू व = ह/२ घेऊ. बक चा मध्यबिंदू द = (ब + क)/२ आणि अह चा मध्यबिंदू (अ + ह)/२ यांच्यासाठी

द − व = −अ/२, (अ + ह)/२ − व = अ/२.

दोन्ही बिंदू व पासून त/२ अंतरावर परस्परविरुद्ध दिशांना आहेत, म्हणजे ते व केंद्र असलेल्या वर्तुळाच्या एका व्यासाची टोके आहेत. अ मधून काढलेल्या शिरोलंबाचा लंबपाद या व्यासाशी काटकोन करतो किंवा व्यासाच्या टोकाशीच येतो. म्हणून तोही त्याच वर्तुळावर असतो. तिन्ही बाजूंसाठी हेच लागू पडते. बाजूंचे तीन मध्यबिंदू, तीन लंबपाद आणि शिरोबिंदूंना शिरोलंबसंपाताशी जोडणाऱ्या रेषाखंडांचे तीन मध्यबिंदू असे नऊ बिंदू एका वर्तुळावर येतात. त्याची त्रिज्या परिवर्तुळाच्या त्रिज्येच्या निम्मी असते.

क्षेत्रफळ आणि साइनचा नियम

त्रिकोणाचे क्षेत्रफळ |(ब − अ)×(क − अ)| या राशीच्या निम्मे असते. कंस सोडवल्यास ही राशी |अ×ब + ब×क + क×अ| अशी होते. ती शून्य असेल तर आणि तरच अ, ब, क एकरेषीय असतात.

बाजूंचे सदिश च = क − ब, छ = अ − क, झ = ब − अ मानल्यास च + छ + झ = ०. या समीकरणाचा च शी आणि छ शी सदिश गुणाकार केल्यास

च×छ = छ×झ = झ×च

मिळते. लगतच्या दोन सदिशांमधील कोन त्रिकोणाच्या कोनाचा पूरक म्हणजे १८०° मधून वजा केलेला कोन असतो, पण दोहोंचे साइन सारखेच असते. परिमाणे समान लिहून लमन ने भागल्यास साइन अ/ल = साइन ब/म = साइन क/न हा नियम मिळतो.

आरंभबिंदू ग घेतल्यास अ + ब + क = ० होते. वरचीच कृती पुन्हा केल्यास अ×ब = ब×क = क×अ मिळते. म्हणजे मध्यगासंपात शिरोबिंदूंना जोडल्यास त्रिकोणाचे समान क्षेत्रफळाचे तीन भाग होतात. दोन वेगळ्या प्रमेयांमागे एकच समीकरण असल्याचे हे उदाहरण आहे.

मर्यादा आणि नेहमी होणाऱ्या चुका

सदिश सिद्धता लहान असल्या तरी त्यांत काही चुका वारंवार आढळतात.

पहिली चूक समान घटक काढून टाकण्याची आहे. ब·क = ब·अ यावरून क = अ असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याचा अर्थ फक्त ब हा क − अ ला लंब आहे, एवढाच होतो. शिरोलंबांची वरील सिद्धता नेमक्या याच अर्थावर उभी आहे. सदिशाने भागणे ही क्रियाच सदिश बीजगणितात नाही.

दुसरी चूक गृहीत आणि साध्य यांची गफलत करण्याची आहे. शिरोलंबांच्या सिद्धतेत ह हा दोनच शिरोलंबांचा छेदनबिंदू मानला जातो. तो तिसऱ्यावरही आहे असे आरंभीच धरल्यास सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही.

तिसरी बाब चक्राकार तर्काची आहे. अ हा आरंभबिंदू घेतल्यास |क − ब|² = |ब|² + |क|² − २ब·क हे कोसाइनचे सूत्र लगेच मिळते आणि कोन काटकोन असल्यास त्यातून पायथागोरसचे प्रमेय निघते. परंतु निर्देशकांवरून लांबी काढण्याचे सूत्र मुळात पायथागोरसच्या प्रमेयावर आधारलेले असते. अदिश गुणाकाराची मांडणी त्या सूत्रावर केली असेल, तर ही पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतंत्र सिद्धता ठरत नाही. ती केवळ व्याख्या परस्परांशी सुसंगत असल्याची पडताळणी असते.

आरंभबिंदू एका सिद्धतेत मध्येच बदलणेही टाळावे लागते. ग = (अ + ब + क)/३ हे सूत्र कोणत्याही आरंभबिंदूसाठी खरे आहे, कारण त्यातील सहगुणकांची बेरीज १ आहे. ह = अ + ब + क हे मात्र परिकेंद्र आरंभबिंदू असतानाच खरे असते, कारण तेथे ही बेरीज ३ आहे. सूत्रातील सहगुणकांची बेरीज पाहिल्यास ते आरंभबिंदूवर अवलंबून आहे की नाही हे ओळखता येते.

शालेय अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मध्यबिंदूंचे प्रमेय, कोनदुभाजकाचे प्रमेय, अपोलोनियसचे प्रमेय आणि अर्धवर्तुळातील कोन हे विषय माध्यमिक इयत्तांत समरूपता, एकरूपता व पायथागोरसचे प्रमेय यांच्या आधारे शिकवले जातात. इयत्ता बारावीच्या विज्ञान शाखेच्या गणितात सदिश हे प्रकरण येते आणि त्यात विभाजन सूत्र व मध्यगांची एकसंपातिता यांचा समावेश असतो. विज्ञान शाखेचे गणित बहुधा इंग्रजीतून शिकवले जात असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना तीच प्रमेये नव्या पद्धतीबरोबर नव्या परिभाषेतही भेटतात. आधीची सिद्धता आणि सदिश सिद्धता शेजारी ठेवून वाचल्यास युक्लिडीय सिद्धतेतील साहाय्यक रेषेचे काम सदिश सिद्धतेत कोणत्या पायरीने केले आहे, हे स्पष्ट होते.